एचआयव्ही असलेल्या भावाला कोविड झालाय. भरती करताना सांगावं का? एआरटी (एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या) तेवढ्या दिवस बंद ठेवावी का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ ५२ वर्षांचा आहे, अकरा वर्षांपासून एआरटीवर आहे, शुगर आहे, कोविड पॉझिटिव्ह आलाय आणि सॅच्युरेशन ९१ वर आहे. तीन गोष्टी विचारल्यात: दवाखान्यात एचआयव्हीचं सांगावं का, गोळ्या बंद ठेवाव्यात का, आणि सरकारीत न्यावं की खाजगीत.

गोळ्यांचं आधी सांगते, कारण त्यात वेळ जायला नको. बंद करायच्या नाहीत. एक दिवससुद्धा नाही. आणि ९१ वर घरी थांबू नका, आजच भरती करा.

मी फार्मासिस्ट आहे, नागपुरात एआरटीच्या गोळ्या देण्याचं काम करते. "आधी कोविड बरा होऊ द्या, मग एआरटीचं बघू, लिव्हरवर लोड नको" हे वाक्य कोविडच्या पहिल्या दोन लाटांत इतक्या वेळा कानावर आलंय की आजही कुणी तसं विचारलं की राहवत नाही. म्हणून उत्तर लांबणार आहे.

एप्रिल २०२१ मधली एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं गाळून. शेजारच्या जिल्ह्यातला पेशंट, सेकंड लाइनवर (पहिल्या गोळ्या लागू होईनाशा झाल्या की देतात त्या): रात्री टेनोफोविर-लॅमिव्हुडीनची एक आणि अॅटाझनाविर ३००-रिटोनाविर १०० ची एक, अशा दोन गोळ्या. घरात कुणी वाचू नये म्हणून गोळ्या बाटलीतून काढून साध्या प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा. असं बरेच जण करतात, बाटलीचं लेबल नखाने खरडून काढणारेही आहेत. ऑक्सिजन कमी झाला म्हणून एका खाजगी दवाखान्यात भरती केलं. गडबडीत एचआयव्हीचं कुणी बोललं नाही. नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता, डबी पिशवीत आणि पिशवी पलंगाखाली. त्याने सिस्टरला डबी दाखवली असती तरी नाव नसलेली गोळी कोणतीही सिस्टर देणार नाही, आणि देऊही नये.

ट्रीटमेंट शीटवर होतं ते असं: रेमडेसिविर पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम आणि पुढे रोज १००, मिथाइलप्रेडनिसोलोन, दिवसातून दोनदा ब्युडेसोनाइडचं नेब्युलायझेशन (ही दोन्ही स्टेरॉइड), अॅसिडिटीचं पँटोप्राझोल ४०, झिंक, व्हिटॅमिन. एआरटी नव्हती. सहाव्या दिवशी पत्नी एआरटीचं हिरवं पुस्तक (पेशंटच्या तपासण्या आणि गोळ्यांची नोंदवही) घेऊन आमच्याकडे आली तेव्हा कळलं. दवाखान्याला फोन केला तर तेच वाक्य, लिव्हरवर लोड. बऱ्याच विनवण्यांनंतर गोळ्या सुरू केल्या, पण बाकीच्या शीटला कुणी हात लावला नाही. खरी गडबड तिथेच झाली.

रिटोनाविरचं कामच मुळी असं की ते लिव्हरमधलं एक एन्झाइम अडवतं, जेणेकरून अॅटाझनाविर शरीरात जास्त वेळ टिकावं. पण तेच एन्झाइम स्टेरॉइडही फोडतं. ते अडलं की मिथाइलप्रेडनिसोलोन साचत जातं. ब्युडेसोनाइड वाफेतून दिलं तरी रक्तात उतरतं आणि तेही साचतं. शीटवर डोस साधा दिसतो, शरीरात त्याच्या कितीतरी पट असतो. शुगर ४०० च्या वर गेली, चेहरा सुजला. स्टेरॉइड तीन आठवडे चाललं आणि दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी एकदम बंद केलं. पाच दिवसांनी उलट्या, बीपी खाली, उठून बसता येईना. इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळत असल्यामुळे शरीराच्या ग्रंथींनी स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलं होतं. पुन्हा भरती, पुन्हा स्टेरॉइड, मग ते महिनाभर उतरवत आणलं. दुसरीकडे अॅटाझनाविर पचायला पोटात आम्ल लागतं आणि पँटोप्राझोलने ते मारलं होतं, म्हणजे गोळी पोटात जाऊनही पुरेशी लागू होत नव्हती.

पेशंट वाचला. पण कोविडची एवढी महागडी औषधं देताना एआरटी सेंटरला एक फोन केला असता तर यातलं निम्मं टळलं असतं. ब्युडेसोनाइडच्या जागी बेक्लोमेथासोन चालतं. पँटोप्राझोलची खरंच गरज आहे का, हे विचारता येतं. स्टेरॉइड ठरलेल्या दिवसांतच संपवता येतं: ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटला डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. आणि रिटोनाविरसोबत जास्त दिवस दिलंच असेल तर ते झटक्यात तोडायचं नसतं.

आता त्या लिव्हरच्या लोडचं. एआरटीवरच्या काही पेशंटना हिपॅटायटिस बी पण असतो आणि टेनोफोविर व लॅमिव्हुडीन ही दोन्ही औषधं त्यालाही दाबून ठेवतात. ती अचानक थांबवली की बीचा विषाणू उसळतो आणि एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारा रक्तातला आकडा) वाढतं. लिव्हर वाचवायला म्हणून गोळी थांबवायची आणि त्यानेच लिव्हर सुजवायचं, असा तो प्रकार. शिवाय एचआयव्हीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, औषध सुटल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत वर येतो. कोविडने आधीच लिम्फोसाइट (संसर्गाशी लढणाऱ्या पेशी) खाली आणलेले असताना हे ओढवून घेण्यात काहीच फायदा नाही.

तुमचा भाऊ बहुतेक टीएलडीवर असेल: टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडीन ३००, डोल्युटेग्राविर ५०, रोज एकच गोळी. बाटलीवर वाचून खात्री करा. टीएलडी असेल तर वर सांगितलेला रिटोनाविरचा घोळ नाही. रेमडेसिविर चालतं, डेक्सामेथासोन चालतं, पँटोप्राझोलही चालतं. पण झिंक, कॅल्शियम, लोह आणि पांढरं अँटासिड जेल डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात, ते रक्तात जात नाही. टीएलडी यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर हवी. वॉर्डात सोपं पडतं ते असं: टीएलडी रात्री ९ ला, झिंक-कॅल्शियम दुपारी २ च्या आत, आणि जेलही दुपारी ३ नंतर नाही. हे सिस्टरला तोंडी सांगून भागत नाही, प्रत्येक पाळीला सिस्टर बदलते. शीटवर औषधासमोर वेळ लिहून घ्या.

शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर त्याची पातळी वाढवतं, दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. ऑक्सिजनवर असताना तर मेटफॉर्मिन बंद करून इन्सुलिनच देतात. स्टेरॉइड सुरू झालं की शुगर दिवसातून चार वेळा तपासायला सांगा. नागपुरात दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीचे किती पेशंट आले ते आपण पाहिलंय, त्यात बेताल शुगर आणि स्टेरॉइड हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसली.

क्रिएटिनीन (किडनीच्या तपासणीतला आकडा) थोडं वाढलेलं दिसलं तर घाबरून टीएलडी बंद करू देऊ नका. डोल्युटेग्राविर क्रिएटिनीनचं किडनीतून बाहेर पडणं जरा अडवतं, त्यामुळे आकडा ०.१ ते ०.१५ ने वर दिसतो, किडनी मात्र ठीक असते. तो आकडा रोज चढत असेल, क्लिअरन्स (किडनीची गाळण्याची क्षमता) ५० च्या खाली गेला असेल किंवा लघवीत प्रोटीन जात असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा टेनोफोविर बदलावं लागतं, आणि ते एआरटीच्या डॉक्टरांनी ठरवायचं, वॉर्डाने परस्पर नाही. व्हेंटिलेटरवर गेल्यास टीएलडी बारीक कुटून पाण्यातून नळीने देता येते. लोपिनाविर-रिटोनाविर या एचआयव्हीच्याच दुसऱ्या औषधाची गोळी कुटायची नसते, त्याने तिचा असर बराच कमी होतो. २०२० मध्ये कोविडवर हेच औषध द्यायची लाट आली होती, काही उपयोग होत नाही हे त्याच वर्षी मोठ्या चाचणीत दिसलं. कोविडसाठी म्हणून कुणी भावाची टीएलडी बदलून ते देऊ लागलं तर स्पष्ट नाही म्हणा.

टीबीचा कोर्स चालू आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं, म्हणजे टीएलडीनंतर बारा तासांनी ५० ची वेगळी गोळी. भरती झाल्यावर सगळ्यात आधी सुटते ती हीच दुसरी गोळी. आणि रिफॅम्पिसिनवर असताना कोविडसाठीची निर्माट्रेलविर-रिटोनाविरची पाच दिवसांची गोळी देऊ नये, ती चालतच नाही.

डॉक्टरांना शेवटचा सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) आणि व्हायरल लोड किती होता ते तारखेसकट सांगा, दोन्ही हिरव्या पुस्तकात असतात. आता कोविडमध्ये नवा सीडी४ काढला तर खाली दिसेल, त्याने खचू नका, सीडी४ ची टक्केवारी विचारा. जुना सीडी४ २०० च्या वर आणि लोड दबलेला असेल तर उपचार इतर कोविड पेशंटसारखेच. २०० च्या खाली असेल तर मात्र कोविडचा रिपोर्ट आला म्हणून शोध थांबवायचा नाही. पीसीपी (प्रतिकारशक्ती खूप कमी झाली की होणारा बुरशीचा न्यूमोनिया) याचा सिटी स्कॅन कोविडसारखाच दिसतो, दोन्ही बाजूंना धुरकट. फरक बहुतेक दिवसांत असतो. कोविडचा दम आठवडा-दहा दिवसांत चढतो. पीसीपीत कोरडा खोकला दोन-तीन आठवड्यांपासून असतो, बसून सॅच्युरेशन बरं आणि संडासपर्यंत चालत गेलं की झपकन खाली. त्याचं औषध वेगळं आहे, को-ट्रायमॉक्साझोल मोठ्या डोसमध्ये २१ दिवस. नुसतं डेक्सामेथासोन दिलं तर चार दिवस बरं वाटतं आणि मग पेशंट बिघडतो. म्हणून खोकला नक्की कधीपासून आहे हे आठवून खरं सांगा, आणि टीबी नाही ना हे बघायला थुंकीची सीबीनॅट तपासणी मागा.

सांगावं का? सांगावंच. पण भरतीच्या खिडकीवर दहा लोकांसमोर नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरला बाजूला घेऊन सांगा आणि पुस्तक दाखवा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्हीच्या कारणाने उपचार नाकारता येत नाहीत, आणि ही माहिती उपचारासाठी गरज असेल तेवढ्याच वैद्यकीय लोकांना सांगता येते. पलंगाच्या पाटीवर "बी-२४" (एचआयव्हीचा सांकेतिक कोड) लिहिणं किंवा फाइलवर लाल स्टिकर लावणं चुकीचं आहे. वेगळी खोली द्यायचीही गरज नाही, ग्लोव्ह्जची काळजी तर प्रत्येक पेशंटला सारखीच घ्यायची असते. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या दवाखान्यात तक्रार ऐकणारा अधिकारी नेमलेला असायला हवा, त्याचं नाव मागा. न जमल्यास १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

सरकारी की खाजगी, हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या दोन्ही सरकारी रुग्णालयांच्या आवारातच एआरटी सेंटर आहे, हा मोठा फायदा. खाजगीत नेलं तर डॉक्टरांना एकच विचारा: आमच्या एआरटी सेंटरशी फोनवर बोलाल का? हो म्हणाले तर ठेवा.

सोबत न्यायचं ते: हिरवं पुस्तक, लेबल शाबूत असलेली बाटली, निदान महिनाभराच्या गोळ्या. घरी डबीत काढून ठेवल्या असतील तर परत बाटलीत भरा. पहिल्याच संध्याकाळी शीटचा फोटो मागवून टीएलडी चढली का ते बघा.

दोन गोष्टी राहिल्या. हे सगळं आधीपासून एआरटीवर असलेल्यांसाठी आहे. कोविडमध्येच एचआयव्ही नव्याने कळला असेल, तर सुरू करण्याआधी मेंदूचा टीबी आणि क्रिप्टोकॉकस (मेंदूत होणारा बुरशीचा संसर्ग) नाही ना, हे डॉक्टरांना बघावं लागतं. आणि भाऊ अबाकाविर या एचआयव्हीच्या औषधावर असेल, तेही सुरू करून सहा आठवडे झाले नसतील, तर ताप, खोकला, पुरळ ही त्या गोळीची अॅलर्जीही असू शकते. त्यावरून ती एकदा बंद केली तर पुन्हा कधीच द्यायची नसते. बाटलीवरचं नाव इथे लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल.