वाफेचं इंजिन आधी इंग्लंडमध्येच का चाललं?

कारखानदारी इंग्लंडमध्ये आधी का आली, आपल्याकडे इतक्या उशिरा का, आणि यामागं त्यांची हुशारी होती की त्यांनी केलेली लूट, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यांदा हे कुठं घडलं, हा एक. एकदा घडल्यावर बाकीच्यांना ते उचलायला इतका वेळ का लागला, हा दुसरा. दोन्हींना एकच उत्तर शोधायला गेलं की वाद नुसता फिरत राहतो. माझं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम आणि मशिनिंगमध्ये गेलं, त्यामुळं मी यंत्राच्या बाजूनं सांगतो.

थॉमस न्यूकोमेनचं वाफेवर पाणी उपसणारं इंजिन १७१२ साली इंग्लंडमध्ये डडली इथल्या कोळशाच्या खाणीवर बसलं. ते कोळसा इतका खायचं की दुसरीकडं कुठं परवडलंच नसतं. पण खाणीच्या तोंडाशी न विकला जाणारा चुरा पडलेला असायचा आणि खाणीत भरलेलं पाणी उपसल्याशिवाय खोल जाता येत नव्हतं. दुखणं आणि इंधन एकाच जागी होतं. म्हणून इतकं उधळं यंत्रसुद्धा पुढची साठ वर्षं टिकलं, आणि तेवढ्या काळात लोकांचा त्यावर हात बसला.

चीनमध्ये यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात कापडाचा धंदा, बाजारपेठ आणि कारागिरी इंग्लंडच्या तोडीची होती. पण कोळशाचे मोठे साठे लांब उत्तरेला, शान्सी प्रांताकडं. सतराव्या शतकात युरोपातला सगळ्यात श्रीमंत देश हॉलंड. मजुरी चढी, जहाजं भरपूर, पण इंधन पीटचं, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीसारख्या थराचं, आणि ताकद पवनचक्कीची. तिथं वाफेचे कारखाने उशिरा आले. शेजारच्या बेल्जियममध्ये लिएजजवळ कोळसा होता, तिथं सेरँगला १८१७ मध्ये कॉकरिलचा लोखंडाचा आणि यंत्रांचा कारखाना उभा राहिला.

तरी सगळं श्रेय कोळशाला देऊ नका. स्वित्झर्लंडनं पाण्याच्या जोरावर सूतगिरण्या चालवल्या. आणि आपल्या कोल्हापुरात कुठं कोळशाची खाण आहे? फाउंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, लागणारा कोकही (भाजलेला कोळसा) बाहेरून येतो आणि पिग आयर्नही (ओतायचं कच्चं लोखंड).

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट यानंतरची. जेम्स वॉटनं वेगळ्या कंडेन्सरचं, म्हणजे वाफ सिलिंडरबाहेर वेगळ्या भांड्यात थंड करायच्या सोयीचं, पेटंट १७६९ मध्ये घेतलं, पण इंजिन बरीच वर्षं नीट चाललं नाही. कल्पना बरोबर होती, सिलिंडर गोल मिळत नव्हता. पिस्टन आणि सिलिंडरच्या फटीतून वाफ निसटायची. १७७४ मध्ये लोखंडाचा कारखानदार जॉन विल्किन्सन यानं तोफा बोअर करायचं, म्हणजे आतून कोरायचं, मशीन काढलं. मग सिलिंडरसाठी त्यानं बोअरिंगचा बार आरपार घालून दोन्ही टोकांना आधार दिला. एकाच टोकाला धरलेला लांब बार किती वाकतो आणि भोक कसं लंबगोल होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही टर्नरला विचारा. पन्नास इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढाही फरक नाही, असं वॉटचा भागीदार बोल्टन यानं लिहून ठेवलंय. १७७६ मध्ये त्यांची इंजिनं कामाला लागली. एकट्या वॉटच्या डोक्यानं हे झालं नसतं. तोफा ओतणारे, घड्याळं बनवणारे, गिरण्यांची चाकं बसवणारे मिस्त्री आसपास होते, म्हणून झालं.

आपल्याकडं हातात कसब नव्हतं का? होतं, आणि चांगलंच होतं. पण इंग्लंडात सूत कातायची मजुरी महाग होती, तिथं माणूस वाचवणारं यंत्र पैसे वसूल करून द्यायचं. इथं कातणारे हात स्वस्त होते, मग यंत्रावर भांडवल कोण घालणार? शिवाय भारतीय छापील कापडापुढं टिकाव लागेना, तेव्हा इंग्रजांनी १७०१ आणि १७२१ च्या कायद्यांनी त्यावर बंदी घातली. खुल्या व्यापाराचे गोडवे त्यांनी नंतर गायले.

लुटीबद्दल बोलायचं तर अमेरिकेतली चांदी स्पेननं सगळ्यांत जास्त ओढली आणि तरी स्पेन मागं राहिला. त्यामुळं नुसत्या लुटीतून कारखाने उभे राहिले, हे मला पटत नाही. पण मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अमेरिकेतल्या गुलामांच्या घामाचा होता, हे विसरून तो इतिहास सांगू नये.

दुसऱ्या प्रश्नात मात्र सत्ता कुणाच्या हातात, हेच मुख्य. इंग्लंडनं यंत्रं बाहेर जाऊ नयेत म्हणून १८४३ पर्यंत निर्बंध ठेवले. तरी सॅम्युअल स्लेटर १७८९ मध्ये सूतगिरणीचं ज्ञान डोक्यात घेऊन अमेरिकेला गेलाच. जपान सरकारनं १८७२ मध्ये तोमिओकाला स्वतः रेशीम गिरणी काढली. आपल्याकडं रेल्वे १८५३ मध्ये आली, मुंबईत दावरांनी १८५४ मध्ये गिरणी काढली. मग अडलं कुठं? जर्मनीत आणि अमेरिकेत रेल्वेनं तिथल्या लोखंडाच्या कारखान्यांना काम दिलं. आपल्या रेल्वेचे रूळ आणि इंजिनं बहुतेक इंग्लंडहून येत, आणि कंपन्यांच्या पाच टक्के परताव्याची हमी इथल्या महसुलातून. १८८२ मध्ये विलायती कापडावरची जकात काढली. १८९४ मध्ये ती पुन्हा बसवली, १८९६ मध्ये साडेतीन टक्क्यांवर आणली, पण तेवढाच कर इथल्या गिरण्यांच्या कापडावरही लावला. तो जायला १९२६ उजाडलं.

आता आपला भाग बघा. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, पाठीशी जहागीरदार नारायणराव घोरपडे. १९०६ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहू मिल या कापड गिरणीची पायाभरणी केली. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली औंध संस्थाननं. तिन्ही ठिकाणी संस्थानिकांचा हात आहे, आणि हा मला योगायोग वाटत नाही. जकात त्यांच्या हातात नव्हती, पण जागा, भांडवल आणि पाठिंबा देता येत होता.

आपली फाउंड्री वाढली ती नदीकाठच्या उसामुळं. पाणी उपसायला ऑइल इंजिनं आली, ती बिघडायची, आणि दुसऱ्या महायुद्धात परदेशी सुटे भाग मिळेनासे झाले. मग मिस्त्रींनी मोडक्या भागावरूनच पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करून ओतायला सुरुवात केली. डडलीतही पाणी उपसायचंच दुखणं होतं.

यापुढं अभ्यास करणार असाल तर हॉलंड आणि बेल्जियमची जोडी आधी घ्या. दोघे शेजारी, दोघे व्यापारी, दोघांची मजुरी आणि कोळशाचा भाव शेजारी शेजारी मांडून बघा. इंग्लंड-भारत तुलनेत सत्तेचा प्रश्न लगेच मिसळतो, तो या जोडीत बराच बाजूला राहतो.