फुकटचे १५ जीबी का स्वतःची हार्ड डिस्क

भाऊ, तू विचारून राहिला का इंटरनेटवर फाइली ठेवायले फुकटात जागा भेटते तर डिस्क कायले घ्यायची. बघ, गूगलचे ते १५ जीबी एकट्या फाइलींचे नसतात, जीमेल अन् फोटो पण त्यातच, १ जून २०२१ पासून नवे फोटोही मोजणं सुरू झालं, म्हणजे एका लग्नाचे व्हिडिओ टाकले का संपलं. मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह ५ जीबी देते. अन् अकाउंटले २ वर्षं हातच लावला नाही तर गूगल ते उडवूही शकते. मार्कशीट, आधारचं स्कॅन एवढ्यासाठी मात्र फुकटवालं मस्त, मोबाइल हरवला तरी भेटते.

बाकीच्यासाठी आपल्या नागपुरातल्या सीताबर्डीवर जाऊन १ टीबीची हार्ड डिस्क घे. लावल्यावर ९३१ जीबी दिसन, दुकानदाराशी भांडू नको, कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते अन् विंडोज १०२४ च्या. माझी पहिली डिस्क वायर पायात अडकून टेबलावरून पडली, तीही चालू असताना, मग नुसतं टक टक टक... पोरीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो गेले ते गेलेच, रिकव्हरीवाल्याचा आकडा ऐकून मी तर चहा न पिताच उठलो. एसएसडी, म्हणजे आत काही फिरत नाही अशी डिस्क, पडली तरी वाचायचा चान्स जास्त, पण महाग पडते. अन् मे महिन्यात कारच्या डॅशबोर्डवर ठेवू नको बे, आपलं ऊन माहीत आहे ना.

बजेट असन तर दोन घे. मी दुसरी हिंगण्याले मामाकडे ठेवतो, दिवाळीले गेलो का नवे फोटो टाकून येतो.