पट्टा घेऊ नकोस

प्रिय मित्रा,

कंबरेचा पट्टा कुठल्या कंपनीचा घेऊ, असं विचारलंस. कुठलाच नको. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ज्या सूचना काढल्या, त्यात पट्टे आणि कंबर ताणायला वजन लावणं (ट्रॅक्शन), दोन्हींची शिफारस नाही. व्यायामाची आहे.

तुझ्यासारखी स्पर्धा परीक्षा देणारी, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली मुलं माझ्याकडे उपचाराला येतात, त्यामुळे तू कसा बसतोस ते न बघताही सांगते. सकाळी प्लास्टिकच्या खुर्चीत नीट. तासाभरात एक पाय मांडीखाली जातो, बूड पुढे घसरतं आणि जेवायच्या वेळेपर्यंत तू माकडहाडावर टेकलेला असतोस. पुस्तक टेबलावर सपाट, म्हणून हनुवटी छातीला. शेजारी मोबाईलवर स्टॉपवॉच चालू. उठलं की बैठक मोडते, म्हणून लघवीसुद्धा दाबून धरायची!

पोक काढून बसलं की पाठीचे स्नायू काम जवळजवळ सोडून देतात आणि भार मणक्यांमागच्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांवर येतो. ते हळूहळू ताणले जातात आणि उठल्याबरोबर पूर्ववत होत नाहीत. बराच वेळ असं बसून उठल्या-उठल्या पाण्याचा जार उचलायला वाकलास, तर उसण भरायची शक्यता जास्त. दुसरं म्हणजे मणक्यांमधली गादी. मोठ्या माणसांत तिच्या आतल्या भागाला रक्तवाहिन्या नसतात. पोषण कडेने झिरपत येतं आणि हालचालीने दाब बदलत राहिला की त्याला मदत होते.

तरी घाबरू नकोस. डाव्या हाताची तर्जनी मागे वाकवून तशीच धरून ठेव. थोड्या वेळाने दुखेल, सोडलीस की थांबेल. बोटाला इजा काहीच नाही. तुझी बरीचशी कंबरदुखी याच जातीची असावी.

घरचे 'ताठ बस' म्हणत असतील. मी म्हणत नाही. काठी गिळल्यासारखं बसलं तरी तासाभरात पाठ भरून येतेच. बसल्यावर उभं राहण्यापेक्षा गादीवर खूप जास्त दाब येतो, असा जुना तक्ता अनेक दवाखान्यांत टांगलेला दिसतो. 1999 साली जर्मनीत एका माणसाच्या गादीतला दाब थेट मोजला, तेव्हा सरळ बसणं आणि उभं राहणं जवळपास सारखंच निघालं. मागे रेलून बसल्यावर तो आणखी कमी झाला, पूर्ण पुढे वाकल्यावर मात्र खूप वाढला. एकाच माणसावरचं मोजमाप आहे, फार ताणू नये. पण खुर्चीला पाठ टेकायला घाबरायचं कारण नाही, एवढं नक्की.

तेव्हा पुस्तकाखाली दोन जाड पुस्तकं ठेवून ते तिरकं कर. तळवे जमिनीला टेकू देत, मागच्या खिशातलं पाकीट काढ. अर्ध्या तासाने उठ. दोन मिनिटं पुरतात. बाटली लहान ठेव, भरायला जावंच लागेल. पाठांतर गच्चीवर येरझाऱ्या घालत कर. रात्री कॉटवर भिंतीला मान टेकवून लेक्चर बघणं मात्र बंद. आणि पीएसआयची शारीरिक चाचणी द्यायची असेल तर धावणं मुख्य परीक्षेनंतर नाही, आत्ताच हळूहळू सुरू कर.

एमआरआयची घाई नको. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात, काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या मुलांपैकी सुमारे 30 टक्के जणांची गादी फुगलेली दिसली. 'गादी सरकली' हे शब्द रिपोर्टवर वाचले की मुलं झोपूनच राहतात, आणि त्याने कंबर जास्त आखडते.

पण पायातली ताकद कमी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठ. ताप असेल, वजन घटत असेल तर डॉक्टरांना दाखव. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त कंबर आखडलेली राहते आणि चालल्यावर मोकळी होते, असं तीन महिने चाललं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. तुझ्या वयात मणक्यांचा संधिवात सुरू होतो आणि बसण्याचं दुखणं समजून वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो. यातलं काही आहे का, तेवढं आजच कळव.

तुझी,
ताई