‘नाटू’ म्हणजे नाच नव्हे

देगलूरच्या एका शिक्षिकांनी विचारले आहे की, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘नाटू नाटू’ या तेलुगू चित्रपटगीतापुढे ‘म्हणजे नाचा नाचा’ असे छापले गेले आणि तेलुगू बोलणाऱ्या एका पालकांनी ते चूक ठरवले; तेव्हा ‘नाटू’चा आपल्या ‘नाच’, ‘नट’, ‘नाट्य’ या शब्दांशी काही संबंध आहे का, आणि मराठीत त्याला काय म्हणावे?

पालकांचे म्हणणे बरोबर आहे. मराठी ‘नाच’ हा संस्कृत ‘नृत्य’, प्राकृत ‘णच्च’ या वाटेने आलेला शब्द आहे आणि ‘नट’, ‘नाट्य’ हेही त्याच कुळातले मानले जातात. तेलुगू ‘नाटु’चे कूळ वेगळे आहे. ‘नाडु’ म्हणजे मुलूख हा द्राविडी शब्द तमिळनाडूमुळे आपल्या परिचयाचा आहे. त्यावरून ‘मुलखातला, इथल्या मातीतला’ या अर्थी तेलुगूत ‘नाटु’, कन्नडमध्ये ‘नाटी’ आणि तमिळमध्ये ‘नाट्टु’ अशी रूपे होतात. हा ‘नाडु’ मराठीला अगदीच अनोळखी आहे असेही नाही, कारण आपल्याकडे जे देशमुख आणि देशपांडे, तेच कानडी मुलखाच्या बाजूला नाडगौडा आणि नाडकर्णी.

वापर पाहिला की अर्थ आणखी स्पष्ट होतो. तेलुगूत ‘नाटु कोडि’ म्हणजे गावरान कोंबडी, ‘नाटु सारा’ म्हणजे हातभट्टीची गावठी दारू, ‘नाटु वैद्यम्’ म्हणजे गावठी औषधोपचार आणि ‘नाटु बाँबु’ म्हणजे गावठी बाँब. गंमत अशी की, तेलुगूत जे काम एकाच शब्दावर भागते, त्याला मराठीत दोन शब्द लागतात. तूप, कोंबडी, बोरे यांच्यामागे आपण कौतुकाने ‘गावरान’ लावतो. दारू, कट्टा आणि ज्याला हिणवायचे आहे तो माणूस मात्र ‘गावठी’ ठरतो. (‘देशी’ हा शब्द सुचवायचा मोह होतो, पण आपल्याकडे तो एका विशिष्ट दुकानाच्या पाटीने अडवून ठेवला आहे.)

हे गाणे ‘आरआरआर’ या 2022 च्या तेलुगू चित्रपटातल्या ज्या प्रसंगात येते, त्याचे सारे बळ या दुहेरी अर्थातच आहे. इंग्रजांच्या मेजवानीत एक गोरा तरुण या लोकांना नाचातले काय कळते, असे म्हणत परदेशी नृत्यप्रकारांची नावे फेकतो आणि नायक त्याला उलट विचारतात की, नाटू माहीत आहे का? समोरचा ज्याला गावठी म्हणून हसतो आहे, तेच गावरान म्हणून मिरवले जाते. मात्र त्याच एका प्रश्नाने व्याकरणात एक घडामोड झाली. परदेशी नृत्यांच्या नावांच्या रांगेत येऊन बसल्यामुळे हे विशेषण तेलुगू न जाणणाऱ्या प्रेक्षकाला नाम वाटले, आणि ‘नाटू’ नावाचा एक नृत्यप्रकार भारतात आहे असा जगभर समज झाला. मार्च 2023 मध्ये या गाण्याला सर्वोत्कृष्ट मूळ गीताचे ऑस्कर मिळाले. भारतीय निर्मितीच्या चित्रपटातल्या गाण्याला त्या गटातला हा मान प्रथमच मिळाला. त्यानंतर तर तो समज पक्का झाला. माझ्या मते त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही, विशेषणाचे नाम होणे ही भाषेतली नित्याची गोष्ट आहे. शब्दार्थ विचारणाऱ्याला मात्र मूळ विशेषणच सांगावे लागेल.

गीतकार चंद्रबोस हे वारंगळकडच्या खेड्यातले. त्यांनी या गाण्यात नाच कसा आहे हे सांगताना ज्या उपमांची माळ लावली आहे, ती मराठवाड्याच्या वाचकाने मुद्दाम समजून घ्यावी. बांधाच्या धुळीत उधळलेला खोंड, लाल ज्वारीच्या भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा, करकर वाजणाऱ्या वहाणा घालून केलेली काठ्यांची खेळी, आणि देवीच्या जत्रेत घुमणारा पोतराजु. हा पोतराजु म्हणजे मरीआईचा कोरडा ओढणाऱ्या आपल्या पोतराजाचाच भाऊबंद. ठेच्यासाठी मूळ गाण्यात ‘तोक्कु’ हा शब्द आहे. आपल्याकडचा कैरीचा तक्कू त्याच घरातला असावा, असा माझा कयास आहे. 1948 पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच हैदराबाद संस्थानात नांदले, त्यामुळे असे शब्द सीमेच्या दोन्ही बाजूंना सापडले तर नवल नाही.

यातले काहीही न कळता जग त्यावर नाचले, याचे आश्चर्य वाटून घेण्याचे कारण नाही. आपल्या चित्रपटांतली गाणी परदेशी जाताना अर्थ बहुधा घरीच ठेवून जातात आणि नाद तेवढा बरोबर नेतात. हिंदी चित्रपटसंगीताचा मोठा प्रभाव असलेल्या इंडोनेशियातल्या एका लोकप्रिय गानप्रकाराचे नावच मुळी ‘डांगडुट’ असे तबल्यासारख्या वाद्याच्या बोलांवरून पडले आहे. ‘डिस्को डान्सर’ या 1982 च्या चित्रपटातली ‘जिमी’ ही हाक सोव्हिएत संघात घरोघरी पोचली होती. तीच 2022 मध्ये चीनमधल्या टाळेबंदीत लोकांनी ‘जिए मी’, म्हणजे ‘तांदूळ उसने द्या’, अशी ऐकली आणि रिकामी भांडी दाखवत म्हटली. अक्षरे दोन, ठसठशीत आणि पुन्हा पुन्हा येणारी असली की, परक्या जिभेला ती लगेच सापडतात. ‘नाटू’तही तेच आहे. त्यातला ‘ट’ पावलाच्या ठोक्यावर येतो आणि सहा मात्रांच्या त्या द्रुत चालीत तो ऐकणाऱ्याच्या पायाला जागच्या जागी बसू देत नाही.

याच कारणाने भाषांतरकारांची पंचाईत झाली. तमिळमध्ये ‘नाट्टु कूत्तु’ आणि कन्नडमध्ये ‘हळ्ळी नाटु’ असे करून अर्थ आणि नाद दोन्ही राखता आले, कारण शब्द मुळात त्यांच्याही घरचा. हिंदीत मात्र ‘नाचो नाचो’ करून ओठांची हालचाल आणि ठेका सांभाळला गेला, अर्थ सुटला. कार्यक्रमपत्रिकेतले ‘नाचा नाचा’ बहुधा याच हिंदी आवृत्तीतून आले असावे. मराठीत अर्थ सांगायचा असेल तर ‘गावरान’ इतका जवळचा दुसरा शब्द मला दिसत नाही. ‘रांगडा’ चालेल, पण त्यात ताकद येते आणि माती सुटते. पत्रिकेत गाण्याचे नाव ‘नाटू नाटू’ असेच ठेवावे. तेलुगूत शेवटचा उकार ऱ्हस्व आहे, पण मराठी लेखननियमाप्रमाणे तो दीर्घच लिहायचा.