टर्बोचा ईसीएम साध्या पोलोला बसेल का?

प्रश्न : माझ्याकडे २०१९ ची पोलो १.० एमपीआय आहे, बिनटर्बोची. आंबा घाटात चार माणसं आणि सामान असलं की रडतखडत चढते. कोल्हापुरात एका स्क्रॅपवाल्याकडे अपघातातल्या टर्बोवाल्या पोलो टीएसआयचा ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा) वायरिंगसकट मिळतोय. दोन्ही इंजिनं ९९९ सीसी, दोन्ही तीन सिलिंडरची. तो जोडून घेतला तर पिकअप वाढेल का? अमेरिकेतला मावसभाऊ सांगतो, त्याच्या ओळखीतल्या एकाने जुन्या मित्सुबिशी एक्लिप्सला असंच केलंय आणि गाडी पळते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही वाढणार. पिकअपचं सोडा, गाडी सुरू राहिली तरी मिळवलीत.

तुमच्या एमपीआयचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, ९५ एनएम, टीएसआयचा १७५. मधला फरक टर्बोने कोंबलेल्या हवेचा आहे. ईसीएम फक्त हवा किती आली ते पाहतो, त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो आणि ठिणगी कधी पाडायची ते ठरवतो. टर्बोच नाही म्हटल्यावर हवा तेवढीच येणार. मग डबा कुठलाही लावा.

आता जोडायला घेतलात तर काय होईल ते क्रमाने सांगतो. पहिली आडवी येईल ती चावी. या गाड्यांत इमोबिलायझरमुळे चावी, मीटर आणि ईसीएम यांची एकमेकांशी ओळख पटावी लागते. परका ईसीएम दिसला की इंजिन सुरू होऊन सेकंदाभरात बंद. स्क्रॅपवाला म्हणेल, मीटर आणि चावीही घेऊन जा. घेतलीत तरी पुढचा अडथळा आहेच, आणि तो खरा मोठा आहे.

एमपीआयमध्ये पेट्रोल इनटेकच्या नळीत फवारलं जातं, तीन-चार बार दाबाने, आणि ते फवारणारा इंजेक्टर साध्या बारा व्होल्टवर उघडतो. टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, दोनशे बारच्या आसपासच्या दाबाने. तो इंजेक्टर उघडायला ईसीएम आतल्या आत बारा व्होल्टचे साधारण ६५ व्होल्ट करतो, झटक्यात करंट देतो आणि मग कमी करंटवर धरून ठेवतो. तुमच्या इंजेक्टरची कॉइल त्या जातीची नाही. शिवाय हा ईसीएम हाय प्रेशर पंप शोधणार, टर्बोचा दाब आवरणाऱ्या वेस्टगेट झडपेची मोटर शोधणार, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाण्याचा पंप शोधणार. यातलं काहीच तुमच्या बॉनेटखाली नाही. मीटरवर इंजिनाचा बिघाड दाखवणारा ईपीसीचा दिवा लागणार आणि स्कॅनर लावला तर फॉल्ट कोडची वरात निघणार.

सेन्सरचंही तेच. घटकाभर धरू की बाकी सगळ्यावर तोडगा निघाला. इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर ईसीएमला फक्त व्होल्ट कळवतो, त्याचा दाब किती धरायचा हे ईसीएममध्ये लिहिलेलं असतं. बिनटर्बोच्या गाडीत साधारण ११५ किलोपास्कलपर्यंत मोजणारा सेन्सर पुरतो, टर्बोला २५० किंवा त्याहून जास्त लागतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इनटेकमध्ये १०० किलोपास्कल असतील तर पहिला सेन्सर चार व्होल्टच्या जवळ जातो. टर्बोचा ईसीएम तेच चार व्होल्ट वाचून २०० च्या वर दाब धरणार आणि दुप्पट पेट्रोल ओतणार. काळा धूर, ओले प्लग, आणि काही दिवसांनी धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम तमाम.

मावसभाऊ खोटं बोलत नाहीये. १९९० ते ९४ ची एक्लिप्स इलिनॉयमधल्या नॉर्मल या गावच्या कारखान्यात बनायची. तिचं दोन लिटरचं ४जी६३ इंजिन टर्बो आणि बिनटर्बो अशा दोन्ही रूपांत यायचं. दोन्हींत पेट्रोल इनटेकच्या नळीतच पडायचं आणि इमोबिलायझरची भानगड नव्हती. त्यामुळे काही वायरी इकडच्या तिकडे केल्या की टर्बोचा ईसीएम निमूट कामाला लागायचा. पण नुसता ईसीएम बदलणाऱ्याची तिथेही फजितीच. टर्बोचे इंजेक्टर मिनिटाला ४५० सीसीचे, बिनटर्बोचे २४० चे. ईसीएम ४५० चे समजून थोडाच वेळ उघडणार, म्हणजे पेट्रोल जवळपास निम्मं. ऑक्सिजन सेन्सर दुरुस्ती करायला जातो, पण इतकी तफावत त्याच्या आवाक्याबाहेरची. गाडी लीन होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, मिसिंग मारते. वर टर्बोच्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स कमी, म्हणून त्यांच्या लाइनीत वेगळा रेझिस्टर पॅक असतो. तो विसरून नवे इंजेक्टर जोडले तर ईसीएममधली इंजेक्टर चालवणारी सर्किटं (ड्रायव्हर) जळतात. कॉम्प्रेशनही बिनटर्बोचं ९, टर्बोचं ७.८, त्यामुळे बिनटर्बोला टर्बो लावून बूस्ट (हवेचा दाब) वाढवला की नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकायची, टांगती तलवार. तेव्हा भावाला नीट विचारा. त्या गृहस्थाने टर्बो, इंजेक्टर, एअर फ्लो मीटर, नॉक सेन्सर असं सगळं घातलेलं असणार. ईसीएम त्या यादीतली एक वस्तू.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि उद्या क्लेम आला तर विमा कंपनीला बोट ठेवायला आयती जागा.

घाटाचं म्हणाल तर तुमच्या इंजिनचा पूर्ण टॉर्क ३,००० ते ४,३०० आरपीएममध्ये मिळतो. आपल्याकडे दोन हजारावर गिअर वर टाकायची सवय, आणि मग गाडीला नावं ठेवायची. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये साडेतीन हजारावर इंजिन ओरडलं तरी ओरडू द्या, त्याला काही होत नाही. एअर फिल्टर, प्लग, टायरमधली हवा बघून घ्या, थ्रॉटल बॉडी साफ करा आणि अवघड वळणांवर एसी बंद ठेवा.

एवढं करूनही मन भरत नसेल तर ही पोलो विकून सेकंडहँड टीएसआय घ्या. २०२० ते २२ मधल्या मिळतात, चाकणलाच बनलेल्या, सहा गिअरच्या. घेताना एक चाचणी जरूर करा, कारण यातल्या बऱ्याच गाड्या आधीच्या मालकाने रीमॅप केलेल्या, म्हणजे ईसीएमचा प्रोग्रॅम बदलून टॉर्क वाढवलेल्या असतात, आणि तो भार क्लचवर येतो. मोकळ्या रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये, अठराशे आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा सटकन वर गेला आणि वेग तितका वाढला नाही तर क्लच प्लेट घसरतेय. किमतीतून तेवढे पैसे कापून मागा.