वणव्यानंतरच्या मातीचं शिक्षण घेऊन पोट भरेल का?

प्रश्न : मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक शेतकरी. शेत सातपुड्याच्या पायथ्याशी, जंगलातून येणाऱ्या नाल्याच्या काठावर आहे. उन्हाळ्यात डोंगर पेटतो आणि पहिल्या पावसात नाल्याला काळं पाणी येतं. मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीएमबी घेऊन. वणव्यानंतर मातीचं आणि पाण्याचं काय होतं, हेच शिकायचं असं तिनं डोक्यात घेतलंय. मी म्हणतो, राख म्हणजे खत, त्यात शिकायचं काय? बी.फार्मसी कर, कुठंतरी चिकटशील. ती ऐकत नाही. यात खरंच करिअर आहे का? आणि मुलीच्या जातीनं जंगलात फिरायचं का? – एक वडील

उत्तर :

भाऊ, सप्रेम नमस्कार.

आधी राखेचंच बोलू. बापलेकीचं तिथंच अडलंय, आणि पुढच्या शिक्षणाचा रस्ताही तिथूनच निघतो.

तुम्ही केळीवाले, तेव्हा नत्र, स्फुरद, पालाश (म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम) तुम्हाला मी समजावून सांगायला नको. राखेत पालाश असतो, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, थोडा स्फुरदही असतो. राख अल्कधर्मी असल्यानं मातीचा सामू (पीएच) काही काळ वर जातो. जळलेल्या जागेवर पावसाळ्यात गवत तरारून येतं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय आणि ते खरं आहे. पण नत्राचा हिशेब निराळा आहे. पालापाचोळा जळताना साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातलं नत्र वायू होऊन हवेत जायला लागतं. पालाश आणि स्फुरद उडून जायला ७५० अंशांच्याही वर तापमान लागतं. म्हणजे एकाच आगीत पालाश राखेत उरतो आणि नत्र धुरासोबत निघून जातं. मातीत अमोनियमच्या रूपात जे थोडं नत्र मोकळं होतं, त्यावर पहिलं गवत पोसतं. पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही, पाण्याबरोबर वाहून जातं किंवा खाली झिरपतं. पहिल्या वर्षाची ती हिरवळ म्हणजे मुद्दल मोडून केलेली दिवाळी आहे. तुम्ही चूक नाही आणि पोरगीही चूक नाही. तुम्ही पहिला पावसाळा पाहताय, ती पुढच्या दहा पावसाळ्यांचा विचार करतेय.

आता आपल्या सातपुड्यापुरतं. टीव्हीवर कॅलिफोर्नियात आख्खी झाडं मशालीसारखी पेटलेली दिसतात, तसं आपल्याकडे सहसा होत नाही. आपलं जंगल पानगळीचं. साग, सालई, धावडा, अंजन यांचा पाला फेब्रुवारी-मार्चपर्यंत खाली पडून कडकडीत वाळतो आणि आग जमिनीलगत धावते. मातीत उष्णता सावकाश उतरते. वर पाला भडकत असला तरी चार-पाच सेंटिमीटर खाली माती फारशी तापत नाही. त्यामुळे एका वणव्यानं माती मरत नाही, आणि हे मुलीलाही सांगा, कारण या वयात सगळं एकतर भस्म किंवा वाचलेलं असंच दिसतं. खरं नुकसान होतं ते तोच उतार वर्षाआड किंवा दरवर्षी जळतो तेव्हा. पाला कुजायला उरतच नाही, सेंद्रिय कर्ब घटत जातो, झाडांची लहान रोपं टिकत नाहीत. आणि जून महिन्यात पावसाचे पहिले टपोरे थेंब पडतात तेव्हा त्या उघड्या उतारावर त्यांना अडवायला काहीच नसतं.

एक गोष्ट तिला स्वतः करून पाहू द्या. पाला जळताना त्यातले मेणासारखे पदार्थ वाफ होऊन मातीत शिरतात आणि किंचित खाली, थंड थरात, कणांवर गोठून बसतात. अशी माती पाणी पीत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. जळलेल्या जागेवरची राख हलक्या हातानं बाजूला सारायची, खालच्या कोरड्या मातीवर ड्रॉपरनं पाण्याचा थेंब सोडायचा आणि घड्याळ लावायचं. थेंब पाच सेकंदांत मुरला तर माती ठीक. त्याहून जास्त वेळ मण्यासारखा वर बसून राहिला तर ती पाणी ढकलतेय असं समजायचं. मग तसंच एक-दोन सेंटिमीटर खाली खरवडून पुन्हा करायचं. शेजारच्या न जळलेल्या जागेवरही तेच. मृदाशास्त्रज्ञ शेतात जाऊन हीच चाचणी करतात, खर्च शून्य. फक्त हे तुमच्या बांधावर किंवा मालकी जागेत करा. यावल अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही, तिथली माती उचलायची तर मुळीच नाही. आणि आग धुमसत असताना जवळ जायचं नाही.

नाल्याच्या काळ्या पाण्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण मला तुमच्या पत्रातली तीच ओळ सगळ्यात मोलाची वाटली. त्या पाण्यात राख असते, कोळशाची भुकटी असते, मातीचे बारीक कण असतात आणि त्या कणांना चिकटलेला स्फुरद असतो. हे पाणी धरणात किंवा तलावात साठलं, की स्फुरदावर शेवाळ वाढतं. ते मरून कुजायला लागलं, की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडतात. नळयोजनेसाठी तेच पाणी उचललं तर त्यातला सेंद्रिय कर्ब क्लोरीनशी संयोग पावून ट्रायहॅलोमीथेन नावाची घातक संयुगं तयार होतात. नुसतं क्लोरीन वाढवून भागत नाही, उलट प्रश्न वाढतो. आणि तुमच्या भागाचं आणखी एक. सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात दगडगोटे आणि वाळूच्या थरांतून नाल्याचं पाणी जमिनीत मुरतं, त्यावर विहिरी आणि बोअर चालतात. तिथं बारीक गाळ बसत गेला, की मुरण्याचा वेग मंदावतो. केळीच्या बागांना पाणी पुरवणाऱ्या पट्ट्यात ही लहान गोष्ट नाही.

२००३ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेराभोवतीचं जंगल जळलं. शहराला पाणी देणाऱ्या कॉटर नदीच्या खोऱ्यातून पुढच्या पावसात राख आणि गाळ धरणात उतरला. तोवर तिथलं पाणी इतकं स्वच्छ असे, की मोठ्या शुद्धीकरणाची गरज पडत नव्हती. त्यानंतर शहराला नवा जलशुद्धीकरण प्रकल्प बांधावा लागला. अमेरिकेत डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेला १९९६ आणि २००२ च्या वणव्यांनंतर जलाशयातला गाळ काढण्यासाठी आणि पाणलोट सावरण्यासाठी कोट्यवधी डॉलर मोजावे लागले. जंगल जळतं तेव्हा बिल शहराच्या नळाला येतं, हे तिकडच्या महापालिकांना पैसे मोजून कळलं. आपल्याकडे हा हिशेब मांडणारी माणसं फार थोडी आहेत. तुमची मुलगी त्यांतली एक होऊ पाहतेय, आणि मला याचा मनापासून आनंद आहे.

आता पोटापाण्याचं. ‘वणवा तज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात तुम्हाला सहजासहजी दिसणार नाही. नोकऱ्या आहेत त्या मृदाशास्त्रात, जलशास्त्रात, वनशास्त्रात आणि पर्यावरण रसायनशास्त्रात. म्हणून माझं ठाम मत असं, की पदवी माती-पाण्याची घ्यावी आणि वणवा हा पदव्युत्तर संशोधनाचा विषय ठेवावा. पहिल्याच पायरीवर फार अरुंद वाट धरली तर पुढे वळायला जागा राहत नाही.

तिच्यासाठी मी पहिली पसंती बी.एस्सी. वनशास्त्राला देईन. महाराष्ट्रात ही पदवी अकोल्याच्या आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत मिळते. अकोला तुम्हाला जवळ, शिवाय तिथलं कोरडं जंगल आपल्यासारखं. जागा थोड्या असतात, म्हणून दुसरी पसंती बी.एस्सी. कृषी. धुळ्याचं शासकीय कृषी महाविद्यालय घरापासून लांब नाही. पुढे एम.एस्सी.ला मृदाशास्त्र घेता येतं. या दोन्हींसाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. राज्याबाहेरच्या कृषी विद्यापीठांतल्या काही जागा सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून भरतात, तोही फॉर्म भरून ठेवा. दोन्हीकडे नंबर लागला नाही तर रसायनशास्त्र घेऊन साधी बी.एस्सी. करायला हरकत नाही. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरण आणि भूविज्ञानाची प्रशाळा आहे, तिथं पुढचं शिक्षण होईल. कोणतीही वाट धरली तरी रसायनशास्त्र कच्चं ठेवून चालणार नाही आणि संख्याशास्त्राला घाबरून चालणार नाही. जोडीला उपग्रहचित्रं वाचायला शिकावं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सेंटिनल-२ उपग्रहाची चित्रंही फुकट मिळतात, आणि जळलेले पट्टे त्यांत स्पष्ट दिसतात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्याच आधारे वनखात्याला आगीच्या सूचना पाठवते.

पदवीनंतर काय? युपीएससीची भारतीय वन सेवा आणि एमपीएससीची महाराष्ट्र वनसेवा, दोन्ही दारं या पदव्यांना उघडी आहेत. संशोधनात जायचं तर डेहराडूनची वन संशोधन संस्था, नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आणि नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, भोपाळची मृदाविज्ञान संस्था, रुरकीची जलविज्ञान संस्था ही नावं लिहून ठेवा. खासगीत माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. प्रकल्पांचे पर्यावरण आघात अहवाल करणाऱ्या कंपन्यांना मृदसंधारण आणि जलशास्त्र जाणणारी माणसं नियमानंच ठेवावी लागतात. पण खोटी आशा दाखवणार नाही. संशोधन प्रकल्पांतल्या सुरुवातीच्या जागा बहुतेक कंत्राटी असतात, प्रयोगशाळेतला पहिला पगार बेताचा असतो आणि स्पर्धा परीक्षेत वर्षं जातात. पाय रोवायला एम.एस्सी. आणि वर दोन-तीन वर्षं धरून चाला. तेवढा धीर घरात असेल तरच हो म्हणा, आणि हो म्हटल्यावर दर सणाला तिला फार्मसीची आठवण करून देऊ नका.

मुलीच्या जातीनं जंगलात फिरायचं का, या प्रश्नाला माझं उत्तर हो असं आहे. नमुने गोळा करायला माणसं गटानं जातात, सोबत वनखात्याचा माणूस असतो, आणि निम्म्याहून जास्त काम प्रयोगशाळेत आणि संगणकावर चालतं. भारतीय वन सेवेत निवड व्हायला मुलींना ४ तासांत १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं, आणि मुली ते करून दाखवतात. तुमच्या पोरीकडे शहरातल्या मुलांकडे नसलेली एक गोष्ट आहे. तिला तिथली माणसं माहीत आहेत. मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला कोणी पेटवतो, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून कोणी गवत जाळतो. पावरा, तडवी, भिल्ल घरांतल्या बायाबापड्यांवर खापर फोडून वणवा थांबणार नाही. झाडाखाली झाडून घेणं किंवा कापड अंथरणं कुणाला परवडतं, कुणाला नाही, हे त्यांच्या ओसरीवर बसून विचारणारा संशोधक हवा.

एक काम या पावसाळ्यात, फॉर्मच्या धावपळीत सुद्धा होण्यासारखं आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर नाल्याचं पाणी तिनं दोन जागी स्वच्छ बाटल्यांत भरावं. एक जागा शेतांच्या वर, जंगलातून नाला बाहेर पडतो तिथं, दुसरी तुमच्या केळीच्या खाली. बाटलीवर तारीख, वेळ, जागा लिहावी, बाटल्या थंड जागी ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवाव्यात आणि गढूळपणा, सामू, नायट्रेट तपासून घ्यावं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, असं आपलं मानक सांगतं. खालच्या बाटलीत ते जास्त आणि वरच्या बाटलीत कमी निघालं तर भाऊ, वणव्याआधी आपल्या युरियाकडे पाहावं लागेल. जंगलाचं किती आणि शेताचं किती, हे वेगळं काढता येणं हेच तिला पुढे शिकायचंय. तो कागद जपून ठेवा, एम.एस्सी.च्या मुलाखतीत कामाला येईल.

सीईटीचा निकाल लागला, की पसंतीक्रम भरण्याआधी पर्सेंटाइल, प्रवर्ग आणि घरापासून किती लांब पाठवायची तयारी आहे, एवढं मला कळवा. त्या वेळचं पत्र तिच्या हातचं असू द्या.