सेफ्टी आणि सिक्युरिटी यात फरक काय? दोन्हीला मराठीत सुरक्षाच म्हणतात ना?

हो म्हणतात, म्हणून तर घोळ होतो. मी कारखान्यात कामाला आहे, आमच्याकडे सेफ्टी ऑफिसर वेगळा आणि सिक्युरिटी ऑफिसर वेगळा, बाहेरच्यांना वाटतं दोघंही गेटवर बसत असतील. गेटवर असतो तो सिक्युरिटीवाला, गेटपास बघणार, बॅग उघडा म्हणणार, माल घेऊन निघालेल्या गाडीचं चलन तपासणार. सेफ्टीवाला आत शॉपफ्लोअरवर फिरत असतो, हेल्मेट कुठंय, मशीनचा गार्ड कोणी काढला, वर चढलास तर बेल्ट का नाही लावला, दिवसभर हेच. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात हजार किंवा जास्त कामगार असले की सेफ्टी ऑफिसर नेमायची तरतूद होती. ४ मार्चला नॅशनल सेफ्टी डे असतो (१९६६ साली याच तारखेला नॅशनल सेफ्टी कौन्सिल सुरू झाली) तोपण हाच विषय, चोराचिलटांचा तिथे काही संबंध नाही.

थोडक्यात कोणी मुद्दाम काही करेल, म्हणजे चोरी, घातपात, हॅकिंग, त्याचा बंदोबस्त ती सिक्युरिटी, आणि कोणाच्या मनात काही नसताना अपघाताने इजा होऊ नये म्हणून घेतलेली काळजी ती सेफ्टी. विमानतळावर सीआयएसएफवाले बेल्ट काढायला लावतात ती सिक्युरिटी, विमानात बसल्यावर बेल्ट लावायला सांगतात ती सेफ्टी 😄

आणि कधीकधी दोघींचं जमतपण नाही. खिडक्यांना जाड ग्रिल ठोकलं की चोर आत येत नाही, पण आग लागली तर आपणही बाहेर पडत नाही. कित्येक सोसायट्यांत गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला. सिक्युरिटी झाली, सेफ्टी गेली.

बोलताना मात्र हा नियम सगळीकडे चालत नाही बरं का. महिलांच्या बाबतीत धोका मुद्दाम त्रास देणाऱ्यांचाच असतो तरी विमेन्स सेफ्टीच म्हणतात, कारण तिथे बंदोबस्तापेक्षा त्या बाईला धोका आहे की नाही याला महत्त्व. तसंच घरी सेफ पोचलो म्हणायचं, सिक्युअर पोचलो कोणी म्हणत नाही. पाणी पिण्यासाठी सेफ, पण नोकरी आणि पासवर्ड सिक्युअर.

भाड्याच्या घराचं सिक्युरिटी डिपॉझिट आणि सेबीच्या नावातलं सिक्युरिटीज हे पैशाच्या व्यवहारातले अर्थ, एक अनामत आणि दुसरं शेअर, बाँड वगैरे, तिथे सेफ्टी लावून बघूच नका.